तापमूठ
तापमूठ : मोटारसायकल वा स्कूटर यांच्या हँडलची विजेने तापविता येणारी मूठ. हिच्या रबरी आवरणाखाली विद्युत् रोधक तारेचा किंवा पातळ पटलाचा तापक बसविलेला असतो. वाहनाच्या विद्युत् घटमालेतून त्यात प्रवाह सोडला की मूठ ऊबदार होते व स्वाराच्या तळहाताला उष्णता मिळते. गॅरेजात व सुट्या भागांच्या दुकानांत ही वस्तू ‘हीटेड ग्रिप’ या नावाने ओळखली जाते. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनविलेल्या अनेक मोठ्या मोटारसायकलींत ती मूळ रचनेतच असते. इतर वाहनांना ती मागाहून जोडता येते. बर्फावर चालणाऱ्या स्कीवाहनांतही तिचा वापर रूढ आहे.

तापमूठ ही सामान्यतः चैनीची वस्तू समजली जाते. परंतु तिचा खरा संबंध ब्रेकशी आहे. मोटारसायकलीचा पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांनी व क्लच डाव्या हाताच्या बोटांनी चालविला जातो. जोराने ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढील चाकावर सरकत असल्याने वाहन थांबविण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढचा ब्रेक करतो. म्हणजे वाहन वेळेवर थांबणे हे उजव्या हाताच्या दोन-चार बोटांच्या चपळाईवर अवलंबून असते. ही बोटे बधिर झाली, तर ब्रेक उत्तम स्थितीत असूनही तो उशिरा लागतो किंवा नको तेवढा जोराने लागतो. ताशी ५० किमी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सु. १३·९ मी. अंतर कापते, त्यामुळे बोटे अर्धा सेकंद उशिरा वळली, तर वाहन थांबण्यापूर्वी सु. ७ मी. अधिक पुढे जाते. चाक जखडू न देणारी यंत्रणा किंवा दोन्ही ब्रेक एकदम लावणारी यंत्रणा भारतातील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून आवश्यक करण्यात आली. तथापि या दोन्ही यंत्रणा ब्रेक लागल्यानंतर काम करतात; बोटांच्या दिरंगाईवर त्यांचा उपाय नाही.

हात व थंडी : शरीराच्या इतर भागांपेक्षा बोटे लवकर गार पडतात, याची कारणे त्यांच्या रचनेत आहेत. बोट हे अरुंद दंडगोलासारखे असल्याने त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग पुष्कळ असतो व त्यातून उष्णता झपाट्याने निघून जाते. बोटे वळविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालील भागात असतात. त्यामुळे स्नायूंच्या हालचालीतून निर्माण होणारी उष्णता बोटांत जवळजवळ नसतेच. बोटांना मिळणारी ऊब बव्हंशी रक्ताबरोबर येते.

हा रक्तपुरवठा मात्र स्थिर नसतो. बोटांच्या त्वचेत रोहिण्या व नीला यांना थेट जोडणाऱ्या लहान वाहिन्या असतात. शरीर तापले असता त्या रुंदावतात व हातावाटे जादा उष्णता बाहेर टाकली जाते. थंडीत अनुकंपी तंत्रिकांच्या प्रेरणेने त्या आकुंचन पावतात आणि बोटांकडे जाणारे रक्त अनेक पटींनी घटते. मेंदू, हृदय इ. आंतरिक इंद्रियांचे तापमान सु. ३७° से. राखण्यासाठी शरीर हातापायांची ऊब अशा रीतीने खर्ची घालते. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो : छाती व पाठ गार पडली असता केवळ हात झाकून भागत नाही. धड उबदार असेल, तरच रक्त बोटांपर्यंत पोहोचते.

त्वचेचे तापमान सु. १५° से. च्या खाली गेले की बोटांचे कौशल्य घटू लागते. सांध्यांतील वंगणद्रव अधिक दाट होतो, स्नायुबंध ताठरतात व तंत्रिकांतून संदेश सावकाश जातात. त्वचेचे तापमान ८° से. च्या आसपास आले म्हणजे स्पर्शज्ञान बहुतांशी लोपते. तरफेवर किती दाब पडला, हे स्वाराला कळेनासे होते. अशा स्थितीत वेदनाही कमी होत असल्याने ‘हाताला सवय झाली’ असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः तो धोक्याचा इशारा असतो. थंडीत काही वेळाने बोटांतील वाहिन्या आपोआप थोड्या वेळापुरत्या रुंदावतात व पुन्हा आकुंचन पावतात. हा चढउतार ब्रिटिश वैद्य टॉमस लेविस यांनी १९३० मध्ये वर्णिला. बोटांच्या पेशी वाचविण्यास त्याची मदत होते, पण वाहन चालविण्याजोगी ऊब त्यातून मिळत नाही.

वाऱ्याचा परिणाम : स्थिर हवेत हाताभोवती उबदार हवेचा पातळ थर साचतो व तो निरोधकाचे काम करतो. वारा हा थर सतत उडवून नेतो आणि अभिसरणाने होणारा उष्णतेचा ऱ्हास वाढतो. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी गोठण्यास लागणाऱ्या वेळाच्या आधारे वाऱ्याच्या या शीतकारक परिणामाचे मापन केले व त्याचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका व कॅनडा या देशांत २००१ पासून त्याऐवजी सुधारित सूत्र वापरले जाते. या सूत्रानुसार हवेचे तापमान १०° से. व वाऱ्याचा वेग ताशी ६० किमी. असेल, तर उघड्या त्वचेला सु. ५° से. एवढी थंडी जाणवते. तापमान ५° से. असता त्याच वाऱ्यात जाणवणारी थंडी सु. −२° से. होते.

मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत हे आकडे सौम्यच ठरतात. सूत्रातील वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मी. उंचीवरचा धरलेला असतो व माणसाच्या उंचीवर वारा त्याहून मंद असतो, हे त्यात गृहीत असते. स्वाराच्या बोटांवर मात्र वाहनाच्या पूर्ण वेगाचा झोत येतो. शिवाय हे सूत्र चेहऱ्यासाठी तयार केलेले आहे. बोटे त्याहून लवकर निवतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाऱ्यामुळे वस्तूचे तापमान हवेच्या तापमानाखाली जात नाही. ते तेथपर्यंत लवकर पोहोचते एवढेच. म्हणून १०° से. तापमानात कितीही वेगाने गेले तरी कोरडी बोटे गोठत नाहीत, पण ती बधिर निश्चित होतात. हात किंवा मोजा ओला असेल, तर बाष्पीभवनाने थंडीत आणखी भर पडते.

सुपे परिसरातील परिस्थिती : तापमुठीचा उल्लेख सामान्यतः यूरोपातील हिवाळा किंवा हिमालयातील खिंडी यांच्या संदर्भात होतो. परंतु हातांच्या थंडीचा प्रश्न दख्खनच्या पठारावरही आहे. पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील सुपे व त्याच्या भोवतालचा भाग हे याचे चांगले उदाहरण होय. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. हिवाळ्यात येथील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री प्रारणाने झपाट्याने उष्णता गमावते व दुपार आणि पहाट यांच्या तापमानांत मोठा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत बारामती भागात पहाटेचे तापमान पुष्कळदा १०° से. च्या आसपास येते व थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली उतरते. पुणे येथे १७ जानेवारी १९३५ रोजी १·७° से. इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती.

भूरचनेमुळे या थंडीत स्थानिक फरक पडतात. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७) आहे. चिंकारा हरणांसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग उघड्या गवताळ माळाचा असून तेथे वाऱ्याला अडसर थोडा आहे. याउलट ओढे, नाले व नदीकाठ यांच्या खोलगट भागांत रात्री जड गार हवा उतारावरून येऊन साचते. दक्षिणेकडील कालव्याखालच्या बागायती पट्ट्यात दव व धुके यांची भर पडते. माळावरून ओढ्यात उतरताना गारवा एकाएकी वाढल्याचा अनुभव स्वारांना येतो, त्याचे हे कारण होय. सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसून सूर्योदयाच्या सुमारास असते आणि या परिसरातील दुचाकींची बरीचशी वर्दळ नेमकी त्याच वेळी सुरू होते. दुधाचे कॅन लावून संकलन केंद्राकडे जाणारे दूधवाले, बाजारात भाजी नेणारे शेतकरी, बारामती व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पहिल्या पाळीला जाणारे कामगार आणि अष्टविनायक यात्रेसाठी मोरगावहून सुपे-चौफुला मार्गाने जाणारे प्रवासी यांचा त्यांत समावेश होतो.

याच काळात ऊस गाळपाचा हंगाम भरात असतो. माळेगाव, सोमेश्वरनगर व इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या व दुहेरी ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारातही रस्त्यावर असतात. मागे दिवा वा परावर्तक नसलेली गाडी समोर आली, की स्वाराला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. थंडी, धुके व मंद वाहने यांचा असा संयोग झाल्याने बोटांची चपळाई येथे प्राणरक्षणाची बाब ठरते. यूरोपातील हिमवर्षावापेक्षा येथील थंडी कितीतरी सौम्य असली, तरी येथे हातमोज्यांशिवाय वाहन चालविणारे पुष्कळ असल्याने बोटे बधिर होण्याचा प्रसंग वारंवार येतो.

स्कूटरस्वारांची स्थिती थोडी वेगळी असते. बारामती येथे पिआज्जिओ कंपनीच्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन होऊ लागले. अशा स्कूटरच्या पुढील पत्र्याने पाय व मांड्या वाऱ्यापासून झाकल्या जातात. हात मात्र त्या पत्र्याच्या वर व बाहेर राहतात. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये दोन्ही ब्रेक हातांनीच लावावे लागत असल्याने तेथे बोटांचे महत्त्व आणखी वाढते.

रचना : तापमुठीतील तापक दोन प्रकारचे असतात. पहिल्यात नायक्रोम किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची बारीक तार रबरी मुठीच्या आत नागमोडी बसविलेली असते. दुसऱ्यात पॉलिइमाइडासारख्या उष्णता सहन करणाऱ्या लवचिक पटलावर रोधक मार्ग कोरलेला वा छापलेला असतो. हे पटल हँडलच्या नळीवर गुंडाळून त्यावर नेहमीची मूठ चढवितात. पहिला प्रकार अधिक टिकाऊ, तर दुसरा स्वस्त व कोणत्याही मुठीखाली बसणारा असतो.

डावी व उजवी मूठ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरच्या फिरत्या प्लॅस्टिक नळीवर बसते. प्लॅस्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने बहुतेक उष्णता बाहेर, म्हणजे तळहाताकडे येते. डावी मूठ थेट हँडलच्या धातूच्या नळीवर असते व तिची बरीच उष्णता वहनाने नळीत निघून जाते. म्हणून डावा तापक थोडा अधिक शक्तीचा ठेवतात किंवा त्याखाली निरोधक वेष्टन घालतात. तसे न केल्यास डावी मूठ कायम गार वाटते. हा तापकातील दोष समजून तो बदलण्याची चूक पुष्कळदा होते. उजव्या मुठीची वायर मुठीबरोबर फिरत असल्याने तिला पुरेसा ढिला वळसा ठेवावा लागतो. तो नसेल, तर वायर वारंवार वाकून तुटते किंवा अ‍ॅक्सिलरेटर परत जागेवर येण्यास अडथळा होतो. दुसरा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे.

विद्युत् पुरवठा : तापकाची शक्ती विद्युत् दाबाच्या वर्गाला रोधाने भागून मिळते. उदा., प्रत्येकी ८ ओहम रोधाचे दोन तापक १२ व्होल्ट दाबावर समांतर जोडल्यास प्रत्येकात १·५ अँपिअर प्रवाह वाहतो व एकूण ३६ वॅट उष्णता मिळते. तेच तापक एकसरीत जोडल्यास एकूण रोध १६ ओहम होऊन शक्ती ९ वॅटवर, म्हणजे चतुर्थांशावर येते. साध्या दोन टप्प्यांच्या बटनात ‘जास्त’ व ‘कमी’ या स्थिती या तत्त्वावर मिळविता येतात. आधुनिक नियंत्रक प्रवाह अत्यंत जलद चालू-बंद करून चालू काळाचे प्रमाण बदलतात. त्यामुळे चार-पाच टप्पे मिळतात व शक्ती वाया जात नाही. एंजिन चालू असता दाब सु. १४ व्होल्टपर्यंत चढतो व वरील समांतर जोडणीची शक्ती ४९ वॅटपर्यंत जाते. वायर व वितळतार निवडताना हा वाढीव आकडा धरावा लागतो.

ही शक्ती शेवटी एंजिनाला जोडलेल्या जनित्रातून येते. मोठ्या प्रवासी मोटारसायकलींचे जनित्र ४०० वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीचे असते व त्यांना तापमुठीचा भार जाणवत नाही. लहान मोटारसायकलींत ते पुष्कळ कमी शक्तीचे असून त्यातून पुढचा दिवा, प्रज्वलन, इंधन अंतःक्षेपण व घटमालेचे पुनर्भारण एवढी कामे भागवावी लागतात. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा एंजिनाबरोबर आपोआप लागतो व चालूच राहतो; त्यामुळे तो भार कायमचा झाला. जुन्या अनेक स्कूटर व मोटारसायकलींत ६ व्होल्टची प्रणाली होती. काहींत दिवा थेट जनित्राच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चाले व एंजिन मंदावताच तो मंद होई. अशा वाहनांना तापमूठ जोडणे व्यवहार्य नसते. उलट प्रकाशी द्विप्रस्थाचे, म्हणजे एलईडीचे दिवे असलेल्या नव्या वाहनांत दिव्याचा खर्च कमी झाल्याने तापकासाठी शक्ती शिल्लक राहते.

एंजिन बंद असता तापक चालू राहिल्यास घटमाला लवकर उतरते. ९ अँपिअर-तास धारणाशक्तीची घटमाला ३ अँपिअर प्रवाहाने गणिताने तीन तासांत रिकामी होते. प्रत्यक्षात एंजिन सुरू करण्याजोगी शक्ती त्याच्या कितीतरी आधी संपते. त्यातही थंडीत घटमालेची क्षमता कमी झालेली असते. म्हणून तापकाचा पुरवठा चावीच्या स्विचवर चालणाऱ्या रिलेमधून घेतात, मार्गात योग्य वितळतार घालतात व चांगल्या नियंत्रकात दाब उतरताच तापक बंद करण्याची सोय असते. मूळ वायर सोलून, वितळतारेशिवाय केलेली जोडणी आगीला कारणीभूत होऊ शकते.

तापमुठीची मर्यादा : तापमूठ तळहात व बोटांची आतील बाजू तापविते. वारा मात्र बोटांच्या मागील बाजूवर, विशेषतः तरफेवर ठेवलेल्या बोटांवर आदळतो. एका हाताचा पृष्ठभाग सु. ०·०४ चौ. मी. असून उघड्या हातातून वाऱ्यात होणारा उष्णतेचा ऱ्हास काही दशक वॅटांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तो तापकाच्या शक्तीच्या बरोबरीचा असतो. त्यामुळे उघड्या हातांनी तापमूठ धरल्यास तळहात पोळतो व बोटांची टोके गारच राहतात. यावरून उपायांचा क्रम निश्चित होतो : प्रथम वारा अडविणे, नंतर मिळालेली ऊब टिकविणे व शेवटी बाहेरून उष्णता देणे. पहिल्या दोन उपायांवाचून तिसरा बव्हंशी वाया जातो. उलट सुपे परिसरासारख्या ठिकाणी पहिले दोन नीट केल्यास तिसऱ्याची गरज बहुधा पडत नाही.

वारा अडविण्यासाठी हँडलच्या पुढे प्लॅस्टिकचे हातरक्षक बसवितात. मूळचे झाडोरा व दगड यांपासून हात व तरफ वाचविण्यासाठी असलेले हे साधन वाऱ्याचा झोतही बाजूला वळविते. उत्तर भारतात हँडलवर रेक्झिनची, आतून लोकरी अस्तराची पिशवीवजा आवरणे चढवितात व हात त्यांत घालून वाहन चालवितात. उबेच्या दृष्टीने ती फार परिणामकारक असतात, परंतु हात त्यांतून चटकन बाहेर निघाला पाहिजे आणि आवरण ढिले पडून तरफेवर दाबले जाता कामा नये. दुधाच्या किंवा खताच्या पिशव्या हँडलला बांधण्याच्या घरगुती युक्तीत हाच दोष असतो.

हातमोज्यांत केवळ लोकरीचा मोजा स्थिर हवेत उबदार असला, तरी त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. त्यावर वारारोधक पातळ आवरण घातल्यास त्याचा उपयोग अनेक पटींनी वाढतो. चामड्याचा मोजा वारा अडवितो व पडल्यास हाताची कातडी वाचवितो. मोजा घट्ट असू नये. त्याने बोटांवर दाब पडून रक्तपुरवठा घटतो व आतील हवेचा थरही नाहीसा होतो. मोज्याचे मनगट जाकिटाच्या बाहीशी नीट जुळले पाहिजे, कारण मनगटाच्या आतील बाजूस रोहिणी त्वचेच्या अगदी जवळ असते व तेथे लागलेला वारा बोटांकडे जाणारे रक्तच गार करतो. तापमुठीबरोबर वापरावयाच्या मोज्याचा तळवा पातळ व पाठ जाड असावी. दोन्ही बाजूंनी जाड असलेला मोजा थंडीप्रमाणे मुठीची उष्णताही अडवितो.

ओला मोजा सर्वांत वाईट होय. त्यात दहा ग्रॅम पाणी असेल, तर ते उडून जाण्यास सु. २४,००० जूल उष्णता लागते; ३६ वॅटची संपूर्ण शक्ती त्यासाठीच खर्च केली, तरी अकरा मिनिटे लागतील. दव पडणाऱ्या भागात मोज्यांचा कोरडा जोड जवळ असणे हे तापकाइतकेच उपयोगी असते. छातीवर स्वेटरखाली वर्तमानपत्राची घडी घालण्याची जुनी पद्धत शास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. कागद वारा अडवितो, घड्यांतील हवा ऊब धरते व धड उबदार राहिल्याने बोटांचा रक्तपुरवठा टिकतो.

इतर साधने : तापक बसविलेले हातमोजे बोटांच्या पाठीलाही ऊब देतात, त्यांना वाहनातून किंवा मनगटाजवळील लिथियम-आयन घटातून वीज मिळते. त्यांचे कार्य तापमुठीहून अधिक समतोल असते, परंतु वायर वाकून तुटणे व घट लवकर उतरणे हे दोष त्यांत आढळतात. विजेने तापणारे कपडे नवे नाहीत. उघड्या विमानांत उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी पहिल्या महायुद्धाच्या काळातच ते वापरात आले होते. लोखंडाच्या भुकटीचे हवेशी संयोग होऊन तापणाऱ्या पुड्याही मिळतात. त्या मोज्याच्या पाठीत, मनगटाजवळ ठेवाव्यात. तळहातात ठेवल्यास पकड बिघडते.

उंच प्रदेश : महाराष्ट्रातील मोटारसायकलस्वार उन्हाळ्यात मोठ्या संख्येने लडाखला जातात. तेथे पठारावरील अनुभव पुरा पडत नाही. हवेचे तापमान उंचीनुसार दर किमी.ला सरासरी सु. ६·५° से. ने घटते. लेह सु. ३,५०० मी. उंचीवर व खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मी. उंचीवर आहे. म्हणजे लेहला १५° से. तापमान असता खिंडीत ते ३° से. च्या आसपास येऊ शकते व हे अंतर काही तासांतच चढले जाते. विरळ हवेत प्राणवायू कमी मिळतो, दमणूक लवकर होते व वितळत्या बर्फाचे पाणी रस्त्यावर वाहत असल्याने मोजे भिजतात. अशा ठिकाणी तापमुठीचा खरा उपयोग होतो. तापमान शून्याखाली गेले व मोजे ओले असले, तर बधिरतेपाठोपाठ हिमदंशाचाही धोका असतो.

दक्षता : मुठीची उष्णता सौम्य असली, तरी ती दीर्घकाळ एकाच जागी लागत असते. त्वचेचे तापमान ४४° से. ला काही तास राहिले, तरी भाजल्याची इजा होते, असे मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांनी तापक कमी टप्प्यावरच वापरावा. बधिर बोटांनी मूठ एकदम पूर्ण तापवू नये. थंडी वाजण्यापूर्वीच, निघताना, ती मध्यम टप्प्यावर चालू करणे अधिक हितावह असते. थंडीत बोटे पांढरी वा निळी पडून दुखण्याचा विकार फ्रेंच वैद्य मॉरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णिला. हँडलच्या सततच्या कंपनांनी अशी लक्षणे वाढतात. ती वारंवार दिसल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बोटे बधिर झाल्यास वाहन थांबविणे हाच पहिला उपाय होय. हात काखेत धरावेत, दंड गोलाकार फिरवून रक्त बोटांकडे आणावे व कोरडे मोजे घालावेत. रस्त्याकडेच्या शेकोटीवर बधिर बोटे जवळ धरणे धोक्याचे असते, कारण भाजत असल्याचे कळत नाही. गरम चहाचा पेला दोन्ही हातांत धरताना हीच काळजी घ्यावी. धूम्रपानाने ऊब येते हा समज चुकीचा आहे. निकोटिनाने बोटांतील वाहिन्या आकुंचन पावतात. हिमदंशाची शंका असल्यास बोटे चोळू नयेत. ती पुन्हा गोठण्याचा संभव नसेल तेव्हाच ३७° ते ३९° से. तापमानाच्या पाण्यात बुडवून उबदार करावीत व लगेच उपचार घ्यावेत.

स्वाराला स्वतःची परीक्षा सहज घेता येते. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला चटकन व अचूक लावता आले नाही, तर ती बोटे ब्रेक विश्वासाने लावू शकणार नाहीत, असे समजावे. तापमूठ असो वा नसो, अशा वेळी वेग कमी करून थांबणे व सूर्य थोडा वर येण्याची वाट पाहणे श्रेयस्कर असते. पठारावरील हिवाळ्यात सूर्योदयानंतर तासा-दोन तासांत तापमान बरेच चढते व ही प्रतीक्षा फारशी लांबत नाही.